टेबलावर येईपर्यंत

पडद्यावरच्या आजच्या यादीत, पावणेबाराच्या ओळीत ‘पुडी’ असं लिहिलेलं होतं. त्याने ते एकदा वाचलं, चष्मा काढून कोटाच्या टोकाला पुसला आणि पुन्हा वाचलं. कुत्री, वय चौदा, चार दिवस खात नाही. पुढच्या रकान्यात ‘नवीन पेशंट’. मालक म्हणून कुणा तरुण मुलीचं नाव होतं, ते त्याच्या ओळखीचं नव्हतं, फोन नंबरही ओळखीचा नव्हता. पण कुत्रीचं नाव पुडी ठेवणारं माणूस सगळ्या शहरात एकच असणार, आणि ते नाव ठेवलं गेलं तेव्हा तो शेजारी उभा होता. चौदा वर्षांपूर्वी एका सकाळी तो दवाखाना उघडायला आला, तर पायरीवर वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी हलत होतं. त्याच्या मदतनीस ताईंनी ते उचललं, कागद सोडवला. आत मुठीएवढं पिल्लू. “पुडी बांधून दिलीय बघा कुणीतरी,” ताई म्हणाल्या होत्या, आणि त्या दिवशी पिल्लू जे त्यांच्या पिशवीतून घरी गेलं ते कायमचंच. तेव्हा दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक टेबल, तो आणि ताई. आता दोन मजले, तीन डॉक्टर, अकरा माणसं, आणि ज्या पायरीवर ती पुडी सापडली तिच्या जागी आपोआप उघडणारं काचेचं दार. त्या दारातून आज पुडी येणार होती आणि यंत्राच्या लेखी ती नवीन होती. ओळ धाकट्या डॉक्टरणीच्या यादीत होती. त्याने ती उचलून स्वतःच्या यादीत टाकली. काउंटरवरच्या मुलीने फोन करून विचारलं, “डॉक्टर, पावणेबाराचं तुम्ही बघणार? ओळखीच्या आहेत का?” तो म्हणाला, “हो. म्हणजे, इथे होत्या.” आणि फोन ठेवल्यावर आपलं उत्तर त्याला अगदीच कोतं वाटलं. एकोणीस वर्षं. इथे होत्या.

सकाळचं काम हाताने चाललं होतं, मन जागेवर नव्हतं. एका सशाची नखं कापली, एका कुत्र्याच्या कानात औषध घातलं, आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की नजर दाराच्या मागच्या खिळ्याकडे जायची. त्या खिळ्याला पूर्वी एक जुना टॉवेल असायचा, चौपदरी घडी घातलेला, एकेकाळी निळा असावा असा. जनावर आलं की ताई टॉवेल काढायच्या, बाहेरच्या खोलीत जमिनीवर टाकायच्या आणि त्यावर बसायच्या. बस्स, बसायच्या. त्याला एवढंच ठाऊक होतं, कारण तो आत असायचा, दार लोटलेलं असायचं. बाहेर काय चालायचं ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. आठ-दहा मिनिटांनी दार उघडायचं आणि कुत्रं ताईंच्या मागून आपल्या पायांनी आत यायचं, मांजर त्यांच्या कोपरावर हनुवटी टेकून यायचं, आणि तो हात धुऊन पुढे व्हायचा, तपासायचा, सुई टोचायचा, चार मिनिटांत मोकळा. लोक म्हणायचे, डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, आमचा कुणाला जवळ येऊ देत नाही, यांच्यापुढे कसा गरीब होतो बघा. तो हसून मान हलवायचा. खोटं कशाला बोला, त्याला ते खरंच वाटायचं. आपल्या हाताबद्दल त्याचं मत पहिल्यापासून चांगलंच होतं.

मग ते तीन दिवसांचं शिबिर. दवाखाने चालवणाऱ्या डॉक्टरांसाठी खास, हॉटेलातल्या गार दालनात, गळ्यात नावाच्या पाट्या आणि प्रत्येकापुढे पाण्याची छोटी बाटली. तुम्ही उत्तम डॉक्टर असाल, पण मालक म्हणून नापास आहात, असं पहिल्याच तासाला ऐकवणारा एक चुणचुणीत प्रशिक्षक. तो टायवाला बोलायला असा काही गोड, की शिव्या खाऊनही लोक वह्यांमध्ये लिहून घेत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने पिवळ्या चिठ्ठ्या वाटल्या. तुमच्या दवाखान्यात वेळ कुठे गळतो ते एका ओळीत लिहा आणि फळ्यावर आणून चिकटवा. बाकीचे पेन चावत बसले. याला मात्र लगेच सुचलं. त्याने लिहिलं, ‘ताई: दर पेशंटमागे दहा मिनिटं’. प्रशिक्षकाने ती चिठ्ठी वाचून दाखवली, अशी नेमकी नोंद पाहिजे म्हणाला, आणि दालनातल्या चाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या त्याला किती आवडल्या होत्या. इतक्या वर्षांत जनावरांनी कधी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. परत आल्यावर आठवड्याच्या आत दवाखान्याच्या भिंतीवर तक्ता लागला. दोन रकाने. पहिला ‘टेबलावर येईपर्यंत’, दुसरा ‘टेबलावर’. पहिल्याला तीन मिनिटांची मर्यादा, दुसऱ्याला सातची. मर्यादेत असेल तर हिरवी रेघ, बाहेर गेलं तर लाल. पहिला रकाना ताईंचा, दुसरा त्याचा. आणि रोज संध्याकाळी तक्ता भरायचं काम कुणाचं, तर ताईंचं, कारण त्यांचं अक्षर चांगलं होतं. त्या सगळं नीट भरायच्या. ताई: अकरा, लाल. डॉक्टर: चार, हिरवं. ताई: बारा, लाल. डॉक्टर: तीन, हिरवं. महिनाभरात तक्त्याची डावी बाजू गोवर उठल्यासारखी झाली आणि उजवी बाजू बघून त्याची छाती फुगली.

सोमवारच्या बैठकीत तो तक्ता वाचून दाखवायचा, शिबिरात तसं सांगितलं होतं, आकडे सगळ्यांसमोर वाचा म्हणजे कुणाला वैयक्तिक वाटणार नाही. नेमका एका सोमवारी तो विनोदाच्या लहरीत होता. “ताई,” तो म्हणाला, “तुम्ही इथे कामाला येता की कुत्र्यांशी गप्पा मारायला?” सगळे हसले. ताईही हसल्या. हसता हसता त्यांनी साडीचा पदर सारखा केला, नसलेली सुरकुती झटकली, आणि खाली बघत म्हणाल्या, “करते लवकर.” एवढंच. तिथे कुणी तोंड चुकवलं नाही की कुणाचा चेहरा पडला नाही. पडला असलाच तर त्याने पाहिला नाही. पुढचा आठवडाभर ताईंनी टॉवेल खिळ्यावरून काढलाच नाही. जनावर आलं की उचलायचं, आत आणायचं, टेबलावर ठेवायचं आणि धरायचं. तीन मिनिटं. तीन मिनिटं. हिरवं, हिरवं. त्या आठवड्यात त्याला दोनदा कुत्र्याच्या तोंडाला पट्टी बांधावी लागली होती, पण तेव्हा वाटलं, योगायोग. आठव्या दिवशी ताईंनी दोन ओळींचं पत्र दिलं. गुडघे दुखतात, आता जमणार नाही. उचलाउचलीने दुखत असतील हे त्याच्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं, पण ते डोक्यात थांबू देणं त्याच्या जिवावर आलं. त्याने निरोप समारंभ मात्र थाटात केला. केक आणला, चार शब्द बोलला, आणि सगळ्यांच्या वतीने ताईंना एक भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. घड्याळ. दुकानातून ते त्याने स्वतः निवडून आणलं होतं. आणि वर त्याला हेही आठवतं की ताईंनी ते खोक्यातून काढून कानाशी धरून पाहिलं होतं, चालू आहे का म्हणून.

आणि नंतरचं तर काय, सगळं उघडच होतं. टेबलावरची चार मिनिटं नऊ झाली, नऊची चौदा झाली. धाकट्या डॉक्टरणीच्या अंगठ्याला एका एरवी शांत असणाऱ्या कुत्रीने असा चावा घेतला की तीन टाके पडले. नव्या मदतनीसाने जाड हातमोजे मागितले, मग दुसऱ्या मदतनीसाने. जनावरं काचेच्या दाराशीच अडून बसायला लागली, मालक पट्टा ओढायचे, फरशीवर नखं घासल्याचा तो आवाज दिवसभर. बरोबर एका महिन्याने, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, तो एकटा तक्त्यापुढे उभा होता आणि त्याने पहिल्यांदा दोन रकाने शेजारी शेजारी वाचले. इतके दिवस वरून खाली वाचत होता. आडवं वाचल्यावर ते इतकं सोपं होतं की त्याने बोट ठेवून पुन्हा वाचलं. जिथे ताईंचे अकरा, तिथे त्याचे चार. जिथे ताईंचे बारा, तिथे त्याचे तीन. जिथे ताईंचे तीन, तिथे त्याचे तेरा. ताईंनी घालवलेला वेळ ताईंच्या नावावर लाल होत होता आणि त्यातून वाचलेला वेळ त्याच्या नावावर हिरवा. त्याने तक्ता काढला, गुंडाळी करून कपाटामागे टाकला आणि कुणाला काही बोलला नाही. बाकीची व्यवस्था तशीच राहिली, पंधरा मिनिटांच्या वेळा, पडद्यावरची नोंद, बाराव्या मिनिटाला पिवळा होणारा आणि पंधराव्याला लाल होणारा कोपरा. बायकोला मात्र त्याने रात्रीच्या जेवणाच्या वेळी सांगितलं. ती शाळेत गणित शिकवते. ती घास खाली ठेवून म्हणाली, “अरे, मग जाऊन सांग ना त्यांना.” तो म्हणाला, “जाईन.” तिने आठवड्याने विचारलं, गेलास का? महिन्याने विचारलं. मग विचारायची थांबली, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. तो एकदा ताईंच्या गल्लीच्या तोंडाशी जाऊन गाडीत बसून राहिला. काय बोलायचं ते सगळं तयार होतं. परत या म्हणायचं होतं, चुकलो म्हणायचं होतं. पण परत या म्हटलं तर सोमवारच्या बैठकीत काय सांगणार, आणि नुसतं चुकलो म्हटलं तर त्या विचारतील, मग? त्याने गाडी वळवली. चार वर्षं तो ते भाषण मनात घोळवत होता, कडेकडेने सुधारत होता, आणि आता ते इतकं सुरेख झालं होतं की वाया घालवणं पाप झालं असतं.

पावणेबारा वाजता दार उघडलं आणि ताई आत आल्या. बारीक झाल्या होत्या. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात काठी, आणि काठी बघून त्याला उगाचच वाटलं की ती मुद्दाम आणली आहे. मागून पुडी, तोंड पांढरं झालेलं, पोट जरा सुटल्यासारखं, दोन पावलं आत येऊन भिंतीशी बसली. “या ताई, या,” तो म्हणाला. “बरं आहे ना?” “बरं आहे डॉक्टर. भाची ऐकेना. तिनेच वेळ घेतली, तीच सोडून गेली, गाडी लावायला जागा नाही म्हणून फिरतेय.” म्हणजे ताई आपणहून आल्या नव्हत्या. सकाळपासून त्याने मनाशी जे काही बांधलं होतं त्याची एक वीट तिथेच निसटली. त्याने खुर्ची पुढे केली, ताई बसल्या. मदतनीस पुडीला उचलायला पुढे झाला तसं त्याने त्याला हाताने थांबवलं, बाहेर पाठवलं, आणि स्वतः जमिनीवर बसला. पंचावन्न वर्षांचा माणूस, कोटासकट, एका हाताने टेबल धरून, गुडघ्यांचा कडकड आवाज करत. ताई बघत राहिल्या, मदतीला आल्या नाहीत. पुडीने त्याच्याकडे पाहिलं आणि भिंतीला आणखी चिकटली. “बोलवा ना तिला,” तो म्हणाला. “मी कधीच बोलवायचे नाही,” ताई म्हणाल्या. तो थोडा पुढे सरकला. “सरकू नका. आणि टक लावून बघू नका तिच्याकडे. दुसरीकडे बघा कुठेतरी.” त्याने दुसरीकडे पाहिलं. समोर दाराचा खिळा होता आणि त्याला त्याचा स्टेथोस्कोप लटकत होता.

खिळ्याकडे बघत त्याने सुरुवात केली. ठरवलेलं सुरेख भाषण कुठे गेलं कोण जाणे. “ताई, तो तक्ता चुकीचा होता.” ताईंनी काठी मांडीवर आडवी घेतली. मग म्हणाल्या, “तक्ता बरोबर होता, डॉक्टर. मीच भरायचे. एक मिनिट इकडचं तिकडे केलं नाही.” “तसं नाही. म्हणजे, तुमचे अकरा होते म्हणून माझे चार होते.” “हो.” “तुम्हाला माहीत होतं?” “भरत होते ना रोज. शेजारी शेजारीच तर असायचे.” त्यांच्या आवाजात राग नव्हता, एखाद्या नवख्याला औषधाचं कपाट दाखवावं तसं त्या सांगत होत्या. “मग बोलला का नाहीत?” तो म्हणाला, आणि म्हणता क्षणी त्याला कळलं की आपण आतासुद्धा चूक त्यांच्याच रकान्यात घालतो आहोत. ताई म्हणाल्या, “मला वाटायचं, आज ना उद्या तुम्हाला दिसेल. आठवडाभर तीन-तीन मिनिटांत करून दाखवलं, तेही त्यासाठीच. नाही दिसलं. मग मी मनाशी म्हटलं, डॉक्टरांना खरंच कळत नाही हे. हात चांगला आहे, मन वाईट नाही, पण कळत नाही. जाऊ दे. तेवढी समजूत घालून घेतली आणि मला बरं वाटलं. इतकी वर्षं त्यावर काढली.” इथे थांबायला हवं होतं. पण कबुलीचीही एक हाव असते, ती त्याला सुटली. “मला दिसलं, ताई,” तो खिळ्याला म्हणाला. “तुम्ही गेल्यावर दिसलं. महिन्याने.”

“महिन्याने,” ताई म्हणाल्या. मग बोटांवर मोजल्यासारख्या सावकाश म्हणाल्या, “चार वर्षं झाली मला जाऊन.” त्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. त्या चिडल्या असत्या तर त्याला पेलवलं असतं, रडल्या असत्या तरी. त्या नुसत्या त्याच्याकडे बघत होत्या, ओळखीच्या घराचं कुलूप बदललेलं दिसावं तशा. त्याला वाटत होतं, आपण आज त्यांना काहीतरी देणार आहोत. आणि त्याने होतं तेच काढून घेतलं होतं. न कळणाऱ्या माणसाला त्यांनी केव्हाच माफ केलं होतं. कळून गप्प बसणारा माणूस त्यांना आज पहिल्यांदा भेटत होता. हात मांडीवर तसेच राहिले, नजर फरशीवर गेली, आणि तो नुसता बसून राहिला, कशासाठीही नाही. किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याच्या बुटावर काहीतरी टेकलं. पुडीची हनुवटी. ती केव्हा उठली, केव्हा आली, त्याला कळलं नव्हतं. त्याने हळूच तिच्या पोटाखाली हात घातला. डाव्या बाजूला, बरगड्यांच्या मागे, संत्र्याएवढी गाठ. पुडी हलली नाही. “बुधवारी लागली माझ्या हाताला,” ताई म्हणाल्या. “पोटाचा फोटो काढून बघू या का?” त्याने विचारलं. “कशाला? तुम्हाला कळलं, मला कळलं. दुखू नये एवढ्या गोळ्या द्या. घरीच ठेवते.” त्याने लिहून दिलं. अक्षर वाकडंतिकडं आलं. पडद्याचा कोपरा पिवळा होऊन लाल व्हायला आला होता. “बसा ताई,” तो म्हणाला, “बसा अजून जरा वेळ.” ताई काठीवर भार देऊन उठल्या. “नको. आमची पंधरा मिनिटं झाली. बाहेर एक मांजर आहे टोपलीत, केव्हाचं थरथरतंय. त्याची वेळ कशाला खायची?” दाराशी थांबून त्यांनी खिळ्याकडे पाहिलं, स्टेथोस्कोपकडे पाहिलं, आणि पट्टा सैल सोडून बाहेर गेल्या.

त्याने हात धुतले. नेहमीपेक्षा जास्त वेळ धुतले. बारा वाजताचं मांजर म्हणजे तेच, मागच्या खेपेला दोन मदतनीसांचे हात ओरबाडून काढणारं, त्याच्या नोंदीपुढे लाल अक्षरांत ‘हातमोजे’ असं लिहिलेलं होतं. मालक एक उंच शिंपी, त्या मांजरापुढे स्वतःच भेदरलेला. शिंपी पाच-सहा मिनिटं उशिरा आत आला, आणि टोपली बंद नव्हती. मांजर त्याच्या छातीशी होतं, डोळे अर्धे मिटून. टेबलावर ठेवलं तसं ते चार पाय पोटाखाली घेऊन बसलं. दात बघून झाले, लस टोचून झाली, तरी त्याने शेपटीचं टोकही हलवलं नाही. “कमाल आहे डॉक्टर,” शिंपी म्हणाला, “तुमच्या हाताला गुणच आहे. हां, बाहेर त्या म्हाताऱ्या बाई होत्या, कुत्रीवाल्या. त्या खाली फरशीवर बसल्या होत्या टोपलीशेजारी. काही केलं नाही हो, नुसत्या बसल्या होत्या.” शिंप्याने टोपली उचलली. पडद्यावर आपोआप ओळ उमटली: मांजर, लसीकरण, चार मिनिटं, आणि पुढे त्याचं नाव, हिरवं.

तो बाहेर आला. बाकावर कुणी नव्हतं, फरशीवर कुणी नव्हतं. काउंटरवरची मुलगी म्हणाली, “त्या आत्ताच गेल्या, गाडी आली त्यांची. त्यांना उठायला जरा त्रास झाला, मी हात दिला.” “पुढची वेळ घेतली का त्यांनी?” “विचारलं मी. नको म्हणाल्या, लागणार नाही.” तो काउंटरला हात टेकून उभा राहिला. मग म्हणाला, “ही मांजराची चार मिनिटं माझ्या नावावर पडलीत. ती माझी नाहीत. बदलता येतील?” मुलीने पडद्यात पाहिलं, एक-दोन कळा दाबल्या, आणि त्याची समजूत काढावी तशी म्हणाली, “नोंद बंद झाली की बदलत नाही, डॉक्टर. आणि बदलून दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकायची? त्यांचं नाव आपल्या यादीतच नाही.” काचेचं दार उघडलं. सव्वाबाराचा कुत्रा दारातच पाय रोवून बसला होता, मालक पट्टा ओढत होता, आणि फरशीवर नखं घासल्याचा आवाज येत होता. “ओढू नका,” तो मालकाला म्हणाला. मालकाने पट्टा सैल सोडला आणि आता पुढे काय म्हणून त्याच्याकडे पाहिलं. कुत्राही बघत होता. तो तिथेच उभा राहिला, आणि आत पडद्यावर सव्वाबाराची मिनिटं सुरू झाली.